मयताचं पाणी

पाणीखात्यात माणसानं किती वर्षं काढली ते त्याच्या खांद्यावरून कळतं. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. व्हॉल्व्हची चावी म्हणजे छातीपर्यंत येणारी लोखंडी सळई, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. ती खांद्यावर टाकून मी एकतीस वर्षं गावभर फिरलो. आता ती पालिकेच्या भांडारात पडली आहे आणि मी घरी बसलोय. संपादकांनी 'नोकरीतल्या गमतीजमती लिहा' असं कळवलं होतं. गमती येतील मधेमधे, पण मी रागानं लिहायला बसलोय हे आधीच सांगून टाकतो. नंतर तक्रार नको.

गावाचं नाव लिहीत नाही. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे आहे, एवढं पुरे. पालिका आहे, बाजारपेठ आहे, आणि पाणी चौथ्या दिवशी येतं. गाव उतारावर वसलंय. टाकी मधल्या उंचवट्यावर, जुनी पेठ आणि नवी वसाहत खाली, आणि टाकीच्या जवळजवळ बरोबरीनं टेकडीवरची वस्ती. तिथं मोलगीकडच्या पाड्यांवरून खाली उतरलेली घरं आहेत. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी, परत आली की गावात मिळेल ते काम करणारी माणसं.

लोकांना वाटतं, व्हॉल्व्हमन चावी फिरवतो आणि पाणी येतं. तसं असतं तर माकडानंसुद्धा केलं असतं. टेकडीला पाणी चढवायचं तर आधी खालच्या सगळ्या गल्ल्या बंद पाहिजेत. त्यातला एक जरी व्हॉल्व्ह दोन आटे उघडा राहिला, तर टेकडीवर नळातून नुसती हवा फुसफुसते. घाईनं उघडलं की जुना पाइप फुटतो. जमिनीखालचं दिसत नाही, म्हणून आम्ही चावी व्हॉल्व्हला लावून तिच्या मुठीवर कान ठेवतो. पाणी पुढं चाललंय, की हवा अडकलीय, की कुठं झिरपतंय, ते लोखंडातून ऐकू येतं. मला हे भिका आप्पांनी शिकवलं. ते माझ्या आधीचे व्हॉल्व्हमन. पहिल्याच दिवशी म्हणाले, "डोयास्नी पानी नही दखाय. कान लाव."

गिऱ्हाइकं तर काय एकेक. दहा मिनिटं जास्त सोड म्हणून चहा पाजणारे, आणि चहा पिऊनही जास्त सोडलं नाही म्हणून कपाबशीसकट शिव्या देणारे. नळाला थेट मोटर लावून पुढच्या चार घरांचं पाणी ओढणारे, आणि मला पाहिलं की मोटरवर गोधडी टाकून तिच्यावर आजीला बसवणारे. एकदा आजीखाली गोधडी घुरघुरायला लागली. म्हातारी म्हणते, "मांजर शे." मी म्हटलं, मांजराचा पाइप तेवढा काढून ठेव.

या सगळ्यांवर कडी म्हणजे पाटील गुरुजी. मूळचे रनाळ्याचे, घरची शेती, पण जन्म शाळेत गेला आणि निवृत्त होऊन आमच्या गावात घर बांधून राहिले. पाणी आलं की हे घड्याळ आणि दुरेघी वही घेऊन ओट्यावर बसत. आमच्या गल्लीस सतरा मिनिटे, शेजारच्या गल्लीस चोवीस मिनिटे, असं पाळीच्या पाळीला लिहीत. शेजारच्या गल्लीत कान लावायला माणसं ठेवली होती की काय देव जाणे. महिना संपला की तक्रार अर्ज पालिकेत. साहेब मला बोलावत, अर्ज वाचून दाखवत, आणि वाचता वाचता स्वतःच कंटाळत. मी रस्त्यात गुरुजींना पाहिलं की सायकल दुसऱ्या गल्लीत वळवायचो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या गल्लीला पाणी सोडायचं, पाळी असो नसो. मयताला आंघोळ घालायची असते, आलेगेलेले असतात, माती देऊन किंवा अग्नी देऊन आलेल्यांना आंघोळी करायच्या असतात. अशा घरात चार दिवसांपूर्वीचं शिळं पाणी किती पुरणार? घरातलं कुणीतरी व्हॉल्व्हमनकडे यायचं. जास्त बोलायचं नाही. "पानी पायजे," एवढंच. तोंडाकडे पाहून कळायचं. आम्हीही कोण गेलं ते विचारत नसू, फक्त गल्ली विचारायची. खालचं सगळं बंद करायचं, ती गल्ली उघडायची, वीस-पंचवीस मिनिटं.

आणि यातली खरी गोष्ट ऐका. त्या वीस मिनिटांत गल्लीतले बाकी सगळे आपापले नळ बंद ठेवायचे. मोटरवालेसुद्धा. गोधडीवरची आजीसुद्धा. सगळं पाणी त्या एका घरी जायचं. एरवी हंडाभर पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया दारात गप उभ्या असायच्या. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. भिका आप्पांनी मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. "मयतना घरना चहा पेवाना नही. कोनले सांगानं नही. नि वहीमा लिखानं नही."

लिहायचं नाही, कारण पाळी सोडून पाणी सोडणं हा नियमानं गुन्हा. मेमो मिळतो. पालिकेत जेवढे साहेब आले त्या सगळ्यांना हे माहीत होतं आणि एकानंही कधी विचारलं नाही. असं तीस वर्षं चाललं. त्याच्या आधी भिका आप्पांच्या आयुष्यभर चाललं.

मग तीन पालिका एकत्र आल्या.

मी त्याच्या विरोधात नव्हतो, अजूनही नाही. आमच्यासारख्या लहान गावाला एकट्यानं काय परवडणार? आमची पालिका, पलीकडच्या मोठ्या गावाची आणि शेजारच्या जिल्ह्यातली एक, अशा तिघांनी मिळून नागरी सेवांची एकच यंत्रणा करायची ठरवलं. घरपट्टी मोबाइलवर, जन्माचा दाखला मोबाइलवर, दिवा बंद पडला की फोटो काढून तक्रार. सुरतेला कामाला गेलेल्या पोरांना दाखल्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून यावं लागायचं, ते थांबलं. हे चांगलं झालं, मी मोठ्यानं सांगतो. पण चांगलं काम करताना खालच्या माणसाला शेवटी आणि भीती घालून विचारायचं, ही जी आपल्याकडची रीत आहे ना, तिनं सगळी माती केली.

पाण्याची पाळी यंत्रणेत घालायची म्हणून तिन्ही गावांच्या व्हॉल्व्हमनना मोठ्या गावी बोलावलं. सभागृहात पंखे, टेबलावर फुलं, खोक्यात नाश्ता. आम्ही तिघे मागच्या रांगेत. मी, मोठ्या गावचे हुसेनभाई आणि शेजारच्या जिल्ह्यातला आनंदा. यंत्रणा बसवणाऱ्यांकडून कल्याणी मॅडम आल्या होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण कामाला पक्क्या. व्हॉल्व्ह किती, आटे किती, कुठल्या गल्लीला किती वेळ, सगळं नीट विचारलं. मग एक छापील कागद दिला. त्यात एक रकाना होता : पाळीव्यतिरिक्त पाणी सोडण्याचे प्रसंग, कारणांसह.

त्यांनी तोंडीही विचारलं, "पाळी नसताना कधी पाणी सोडता का? काही अडचण असली, कुणाची गरज असली, तर? सांगा, म्हणजे यंत्रणेत सोय ठेवता येईल."

आमच्या मागं तिन्ही पालिकांचे साहेब खुर्च्या टाकून बसले होते. आमचे साहेब पाय हलवत होते. हुसेनभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी आनंदाकडे पाहिलं. तिघांच्याही गावी मयताचं पाणी होतं, आणि एकमेकांच्या गावचं एकमेकांना ठाऊक होतं.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "पाळी म्हणजे पाळी."

आणि त्या रकान्यात मी निरंक लिहिलं. खाली सही केली. माझं पाहून त्या दोघांनीही तेच केलं. मॅडमनी तिन्ही कागद पाहिले. "तीन शहरांत एकसुद्धा अपवाद नाही? छान शिस्त आहे तुमची," म्हणाल्या. आम्ही तिघेही जरा फुगलो. नाश्त्याचं खोकं घेऊन एसटीनं घरी आलो.

पुढच्या काही महिन्यांत रस्त्यावरच्या सगळ्या व्हॉल्व्हवर मोटरी बसल्या. आता पाणी सुटायचं ते मोठ्या गावच्या नियंत्रण कक्षातून. तिथं कल्याणी मॅडम आणि त्यांची माणसं पडद्यावर तिन्ही गावं बघत. मोटर बिघडली तर हातानं फिरवायला एक चाक होतं, पण ते पेटीत, पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. माझी चावी भांडारात जमा करून घेतली, पावती दिली. मला टाकीवर बसवलं. काम काय, तर भिंतीवरच्या डब्यात हिरवा दिवा लागलाय ना ते बघायचं. सहा महिने राहिले होते निवृत्तीला. म्हटलं, बघू दिवा.

पाळी सोडून पाणी सोडायची सोय यंत्रणेत होती बरं का. त्यासाठी अकरा कारणांची यादी होती. आग, गळती, चाचणी, सण-उत्सव, शासकीय कार्यक्रम, मान्यवरांचा दौरा, असं काय काय. म्हणजे मंत्री येणार म्हणून रस्ता धुवायला पाणी, त्याचा विचार झालेला होता. मेलेल्या माणसाला धुवायला पाणी, त्याचा नाही.

दामजी पाडवी आमच्या खात्यात रोजंदारीवर होता. वीस वर्षं रोजंदारी, कायम कधी केलंच नाही. मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरचा. खड्डा खणावा तर दामजीनंच. पाइपाला खरचटायचं नाही, माती एका बाजूला, मुरूम एका बाजूला, बुजवल्यावर रस्ता जिथल्या तिथं. टेकडीवरच्या वस्तीची लाइन पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यानं खणली. मी मुठीवर कान लावून ऐकत असलो की तो सळई खालून धरून ठेवायचा, हलू नये म्हणून. कुणी मला 'पाणीवाले' म्हणून हाक मारली की हा मागून म्हणायचा, "पाइप यासना, खड्डा मन्हा." पाइप यांचा, खड्डा माझा. टेकडीवर मयत झालं की आम्ही दोघंच रात्री-अपरात्री जायचो. खालचे व्हॉल्व्ह बंद करायला एक माणूस पुरत नाही.

पौषातली गोष्ट. सकाळी नऊच्या सुमारास मी टाकीवर दिवा बघत बसलो होतो. दामजीची बायको जेमाबाई चढ चढून आली. पदर तोंडाला. मी तोंडाकडे पाहिलं आणि उभा राहिलो.

"भाऊ, दामजी गया," ती म्हणाली. महिनाभर त्याची छाती भरलेली होती, पण असं होईल वाटलं नव्हतं.

"कवय?"

"दिन निंघाले. मोलगीथून लोके निंघी गयात, दोन जीप. घरमा घागरभर बी पानी नही. सोडशी ना?"

"सोडस," मी म्हणालो. "तू जाय घर."

तीस वर्षांची जीभ. तिनं परस्पर उत्तर देऊन टाकलं. जेमाबाई निम्मा उतार उतरली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे चावीच नाही.

त्या दिवशी पाळी नव्या वसाहतीची होती. टेकडीची परवा. मी नियंत्रण कक्षाला फोन लावला. कल्याणी मॅडमनीच उचलला.

"मॅडम, टेकडीची लाइन अर्धा तास उघडा. खालचं बंद करा."

"काका, आज त्यांची पाळी नाही. कारण काय टाकू?"

"मयत."

थोडा वेळ नुसता टकटक आवाज. "असं कारण यादीत नाही हो."

"मग यादीत काय आहे?"

त्यांनी वाचून दाखवलं. मी म्हणालो, "दौरा टाका. मान्यवरांचा."

"त्याला दौऱ्याचं पत्र लागतं. नाहीतर पुढं जातच नाही."

"मग आग टाका."

"आग टाकली की अग्निशमनची गाडी आपोआप निघते, काका."

"निघू द्या. तिच्यातही पाणीच असतं."

त्या हसल्या नाहीत. मीही हसवायला बोललो नव्हतो. मग त्या हळूच म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं. त्या दिवशी, सगळ्यांसमोर. सरळ विचारलं होतं."

मी फोन ठेवला. एकतीस वर्षांत मला पुष्कळ साहेब रागावले, पण त्या पोरीचं ते एक वाक्य जितकं लागलं तितकं कुणाचं लागलं नाही.

साहेबांकडे गेलो. म्हटलं, किल्ली द्या, अर्धा तास हातानं चालवतो आणि परत आणून देतो. साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझाच कागद. "ही सही कुणाची?" मी म्हणालो, माझी. "मग? तुम्हीच लेखी दिलंय, असा प्रसंग नसतो. तीन पालिकांची यंत्रणा आहे सुकलाल, एकट्याच्या सांगण्यावरून नवं काही सुरू करता येत नाही. पुढच्या संयुक्त बैठकीत विषय ठेवू. तोपर्यंत टँकर आहे की. ॲपवर नोंदवायला सांगा."

टँकर चोवीस तास आधी नोंदवावा लागतो. मी म्हणालो, "साहेब, दामजीनं कालच कळवायला पाहिजे होतं." साहेबांनी वर पाहिलं आणि परत खाली पाहिलं. ज्या माणसानं वीस वर्षं यांचे पाइप पुरले, त्याच्यासाठी यांना एक ड्रॉवर उघडवला नाही.

पण माझंही लिहितो, नाहीतर मी कसला खरा. मी तिथून टेकडीच्या व्हॉल्व्हपाशी गेलो. पेटीचं कुलूप हलकं होतं. दामजीची पहार जवळच खात्याच्या खोलीत होती. इथं एक फटका आणि खाली चालू असलेल्या वसाहतीच्या पेटीला एक, एवढंच काम. मी पहार हातात घेऊन उभा राहिलो. निवृत्तीला चार महिने राहिले होते. पेन्शनचे कागद वर गेले होते. मी पहार परत ठेवली.

आणि जारवाल्याला फोन केला. पिण्याच्या पाण्याचे निळे जार, लग्नात ठेवतात ते. छोट्या गाडीतून दहा आले. वस्तीतल्या माणसांनी खांद्यावरून वर नेले. नव्या वसाहतीतल्या दोन-तीन बायांनी आपणहून हंडे भरून दिले, तेही वर गेले. दामजीला जारच्या पाण्यानं आंघोळ घातली. माती देऊन परत आलेली मोलगीकडची माणसं पौषाच्या थंडीत रांगेत उभी, आणि एकजण जार वाकडा करून त्यांच्या हातापायांवर पाणी ओततोय. जारचं तोंड बारीक, पाणी गुडगुड करत थांबत थांबत पडतं. म्हातारी माणसं हात पुढं करून वाट बघत होती. टेकडीवरून खाली नवी वसाहत दिसते. तिथं पाळी चालू होती. एकजण नळी लावून आपली मोटारगाडी धूत होता. त्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आज नळ बंद ठेवायचा आहे. ते सांगणं माझं काम होतं.

जेमाबाई मला काही म्हणाली नाही. मी सोडतो म्हटलं होतं आणि सोडलं नाही, त्याबद्दल एक शब्द नाही.

तेवढ्यात दामजीच्या भावाचा मोबाइल वाजला. त्यानं तो मला वाचायला दिला. 'प्रिय नागरिक, आपल्या भागातील पाणीपुरवठा वेळापत्रकानुसार सुरळीत आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?' त्यानं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हणालो, काही नाही, कंपनीचं आहे.

त्याच संध्याकाळी घरी बसून अर्ज लिहिला. मी यंत्रणेसाठी दिलेली माहिती खोटी आहे, मी सेवाकाळात पाळी सोडून असंख्य वेळा पाणी सोडलेलं आहे, कारण मयत, ते कारण यादीत घ्यावं. बायको म्हणाली, "चार महिना गप बठता येत नही का तुमले?" मी म्हणालो, आज दिवसभर गप बसलोय. हुसेनभाईंना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मेरा भी नाम डालो. झूठ तीनों ने लिखा था." आनंदाला दोन दिवस लागले, पण त्यानंही सही पाठवली.

उत्तर म्हणून मला कारणे दाखवा नोटीस आली. नियमबाह्य पाणी सोडल्याची लेखी कबुली दिली म्हणून. आणि वर शेरा, की असे प्रसंग खरोखर घडत असल्यास त्यांच्या नोंदी सादर कराव्यात.

नोंदी! वहीत लिहायचंच नाही असं ज्यात मुळात होतं, त्याच्या नोंदी कुठून आणायच्या? दोन दिवस डोकं धरून बसलो. मग आठवलं की गावात एक वही आहे.

पाटील गुरुजींच्या दारात मी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून गेलो. ते ओट्यावरच होते. चष्म्यावरून पाहिलं. "ये सुकलाल. सायकल आज इकडं कशी वळली?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी काय हवंय ते सांगितलं. गुरुजी उठले, कपाट उघडलं आणि दुरेघी वह्यांची चळत माझ्यापुढं ठेवली. माझ्याविरुद्धचा सगळा पुरावा. तारीख, गल्ली, पाळी नसताना किती मिनिटं, आणि पुढं तांबड्या शाईत कारण : मयत. ज्या तक्रारींनी मी वैतागलो होतो, त्याच.

"गुरुजी, तुम्ही बैठकीला याल?" मी विचारलं.

"मला न्यावंच लागेल," ते म्हणाले. "माझं अक्षर दुसऱ्याला वाचता येत नाही."

संयुक्त बैठक मोठ्या गावच्या त्याच सभागृहात झाली. तीच फुलं, तोच नाश्ता. या वेळी गुरुजी पुढं उभे राहिले आणि शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात वाचायला लागले. अमुक गल्ली, पाळी नसताना, वीस मिनिटे, कारण मयत. तमुक गल्ली, पंचवीस मिनिटे, कारण मयत. पहिल्यांदा मागं कुणीतरी खुसखुसलं. मग हळूहळू सगळे गप झाले, कारण ज्याची त्याची गल्ली येत होती. आमचे एक नगरसेवक मान खाली घालून बसले, त्यांच्या वडिलांचा दिवस वाचला गेला होता. पाय हलवणाऱ्या साहेबांचा पाय थांबला. एका पानावर गुरुजी अडखळले आणि न वाचता पान उलटलं. मी शेजारीच उभा होतो, मला दिसलं. लिहिलं होतं : आमची गल्ली. पाळी नसताना. बावीस मिनिटे. कारण. आणि पुढं काहीच नाही, तांबडी शाईसुद्धा नाही. गुरुजींच्या मंडळी गेल्या तो दिवस. त्या दिवशीही ते घड्याळ घेऊन बसले होते, फक्त तो शब्द त्यांना लिहिता आला नव्हता. त्या महिन्यात त्यांचा अर्ज आला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.

बारावं कारण मंजूर झालं. आणि लगेच एका साहेबांनी सुचवलं की गैरवापर होऊ नये म्हणून सोबत मृत्यूचा दाखला अपलोड करणं बंधनकारक असावं. तीन पालिका, इतकी शिकलेली माणसं, आणि एकाच्याही लक्षात येईना की दाखला हातात पडेपर्यंत तिसरा दिवस उजाडलेला असतो. मी उठून बोलणारच होतो, पण कल्याणी मॅडम माझ्याआधी उठल्या. म्हणाल्या, "दाखला मागायचा असेल तर तो रकाना दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. व्हॉल्व्हमनचा फोन आला की मी पाणी सोडणार." आणि तसंच ठरलं.

मला ताकीद मिळाली. माझ्या सेवापुस्तकात तेवढी एकच वाईट ओळ आहे, आणि ती चुकीच्या कारणासाठी आहे. मी पाणी सोडलं म्हणून नाही, मी निरंक लिहिलं म्हणून द्यायला हवी होती.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेलो. वस्तीची पाळी होती, जेमाबाई नळावर हंडे भरत होती. मी तिला सगळं सांगितलं. आता एक फोन केला की पाणी येईल, तिन्ही गावांत, कुणाच्याही घरी.

"चांगलं व्हयनं," ती म्हणाली. "लोकेसले मिळी." मग हंड्याकडे बघत तिनं विचारलं, "पहिले काबर नही व्हतं त्यामा?"

"आम्हीच सांगितलं नव्हतं. कागदावर विचारलं होतं. मी निरंक लिहून दिलं."

"निरंक म्हंजे काय?"

"म्हणजे... काहीच नाही."

तिनं नळ बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. "काहीच नही?" ती म्हणाली. "मन्ही सासू गई तवय तू पानी सोडेल व्हतं. सोनजीनी पोर गई तवय सोडेल व्हतं. दामजी सळई धरीसन बठेल व्हता तुन्हासंगे. ते काहीच नही?"

ती भरलेला हंडा उचलून घरात गेली. मी रिकामा नळाखाली लावला.